पटावरचा दुसरा पत्रू

मी अश्वजित रामटेके. राहणार वरोरा. जिल्हा परिषदेच्या शाळांत पस्तीस वर्षं मास्तरकी केली आणि सात वर्षांपूर्वी सुटलो. रागीट मास्तर म्हणून माझं नाव होतं आणि ते खोटं नव्हतं. पोरांच्या कानाखाली वाजवल्याचं मला आता वाईट वाटतं, पण झोप उडेल एवढं नाही. झोप उडते ती एका पोराच्या नावाने, आणि त्याला तर मी कधी बोटही लावलं नव्हतं.

त्याचं नाव पत्रू. हा कोणी मोठा माणूस नव्हे. माजरीला कोळशाच्या सायडिंगवर मजुरी करायचा, कावीळ झाली आणि एकतिसाव्या वर्षी गेला. मागे बायको आणि सात वर्षांची एक पोरगी. वर्तमानपत्रात त्याचं नाव कधी छापून आलं नाही. त्याचं नाव ज्या दोन-चार कागदांवर होतं, त्यातला पहिला पक्का कागद माझ्या हातचा. आणि तोच चुकीचा.

गोष्ट त्र्याऐंशी सालची. धानोऱ्यापासून पार आत, दोन नाले ओलांडून, कुकडटोला म्हणून गोंडांचं गाव. तेवीस वर्षांचा मी, वरोऱ्यासारख्या बाजारपेठेतला, तिथे नेमणूक झाली तेव्हा आईने डोळ्याला पदर लावला होता. शाळा म्हणजे एक खोली, एक पत्र्याची पेटी आणि एक फळा. आधीचा मास्तर बदली घेऊन पळालेला. पटावर फक्त अकरा पोरं आणि चार दिवसांवर तपासणी.

तपासणीला येणारे साहेब महाकडक. शेजारच्या केंद्रात एका मास्तराने एकच पोरगं दोनदा लिहून पट फुगवला होता, त्याला त्यांनी घरी बसवलं होतं. एकच नाव पटावर दोनदा दिसलं की त्यांचं लाल पेन निघालंच म्हणून समजा. मी भीतभीतच घरोघर फिरलो आणि चौतीस पोरं गोळा केली. रात्रंदिवस सुवाच्य अक्षरात नावं लिहिली. तेवीस नंबरला लिहिलं, 'पत्रू झिंगू आत्राम'. सत्तावीस नंबरला पोराला विचारलं, तुझं नाव? म्हणाला, पत्रू. बापाचं नाव? झिंगू. आडनाव पोरांना ठाऊक नसायचं, पण झिंगूचं घर आत्रामांचं हे मला माहीत होतं.

झालं. दोन पत्रू, दोघांचा बाप झिंगू, दोघंही सहा वर्षांचे.

मी गावात विचारलं तेव्हा सगळा उलगडा झाला. या लोकांत असं असतं की घरातलं मेलेलं माणूस परत येतं, बाळ होऊन. बाळ रडायला लागलं, दूध घेईना, की म्हातारी माणसं त्याच्याभोवती बसून गेलेल्यांची नावं एकेक करून घेतात. ज्या नावाला बाळ दूध ओढतं, तो परत आला. झिंगूचा बाप पत्रू मेला, त्या वर्षी झिंगूची बायको आणि त्याच्या धाकट्या भावाची बायको मंगली, दोघी दोन महिन्यांच्या अंतराने बाळंत झाल्या. आणि दोन्ही पोरांनी पत्रू याच नावाला दूध घेतलं. म्हातारी आजी म्हणाली होती म्हणे, बुढ्याचा जीव आपल्या दोन्ही लेकांवर सारखा होता, म्हणून वाटून आला. पुढे धाकटा भाऊ पुरात वाहून गेला. मंगली आणि तिचं पोरगं झिंगूच्याच घरात राहिलं. बापाचा मोठा भाऊ म्हणजे मोठा बापच, तेव्हा पोराने बापाचं नाव झिंगू सांगितलं त्यात त्याचं काय चुकलं?

आता हे सगळं मी साहेबांना समजावून सांगायला हवं होतं. खऱ्या बापाचं नाव विचारून घ्यायला हवं होतं. पण बाप्पा, मी रात्री बारा वाजता कंदिलाशी बसलेला, दुसऱ्या दिवशी साहेब. मला आला राग. त्या रीतीचा राग, त्या पोराचा राग, मला या जंगलात फेकणाऱ्या जिल्हा परिषदेचा राग. मनात म्हटलं, कोण बसतं यांचे मेलेले मोजत! सत्तावीस नंबरवर आडनावाच्या जागी तोंडात आलं ते लिहून टाकलं. टेकाम. डी.एड.ला माझ्यासोबत एक टेकाम होता, एवढाच संबंध. साहेब आले, पट बघितला, लाल पेन खिशातच राहिलं. मला शाबासकी मिळाली.

हा दुसरा पत्रू मोठा गोड पोरगा होता. शाळेच्या दारातला चिखल न सांगता काढायचा. पाढे त्याला कधी आले नाहीत, पण कोणत्या झाडाला कधी काय येतं ते मला त्याने शिकवलं. मी रागावलो की बाकीची पोरं पळायची, हा जागेवर बसून माझ्याकडे बघत राहायचा. त्याच्यावर हात उचलणं मला कधी जमलं नाही.

सत्त्याऐंशीत मंगली शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा भाऊ माजरीला मजुरीला होता, त्याने बोलावलं होतं. ती पोराला घेऊन कायमची निघाली होती आणि दाखला मागत होती. मी दाखला लिहायला घेतला, रजिस्टर उघडलं, आणि 'टेकाम' दिसलं. मला आठवलं. हात थांबला. दुरुस्ती करायची तर अर्ज करायचा, धानोऱ्याला जायचं, साहेबांना सांगायचं की मीच खोटं आडनाव लिहिलं. भरपावसाळा, नाल्याला पाणी. मी तसंच उतरवून काढलं, शिक्का मारला. मंगलीला वाचता येत नव्हतं. तिने कागद दोन्ही हातांनी घेतला आणि विचारलं, "गुरुजी, यात आमचं समदं लिवलं ना?"

मी म्हटलं, समदं लिवलं.

ते एकच वाक्य परत घेता आलं असतं तर मी अर्धी पेन्शन सोडली असती. चूक एकदा होते तेव्हा ती चूक असते. दुसऱ्यांदा तीच डोळ्यांदेखत केली तर तिला चूक म्हणत नाहीत.

त्यानंतर सदतीस वर्षं मी हे विसरलो होतो. खोटं कशाला बोलू, खरंच विसरलो होतो. माझी बदली झाली, लग्न होऊन माधवी घरात आली, दोन पोरं शिकली, घर बांधलं. आणि मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी दारात एक पोरगी आणि एक पोरगा उभे. पोरगी माजरीची, चंद्रपूरला दवाखान्यात नर्स. नाव रीना पत्रू टेकाम. पोरगा त्याच दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर, नाव दिनेश पत्रू आत्राम, गाव कुकडटोला. मी खुर्चीतच बसलो होतो म्हणून बरं.

दोघांना लग्न करायचं होतं. दिनेशच्या घरचे नाही म्हणत नव्हते. पण त्यांच्यात आडनाव सांगून भागत नाही. तुमचं कूळ किती देवांचं, तुमचे दगड कुठल्या गावच्या शिवारात, हे विचारतात. माणूस मेलं की पुरतात आणि मग कुळाच्या ओळीत त्याच्या नावाचा दगड उभा करतात. ज्यांचे दगड एका ओळीत, ते भाऊबहीण. त्यांच्यात लग्न म्हणजे पापच. रीनाला आपले दगड माहीत नव्हते. कोळशाच्या धुळीत वाढलेली पोर, बाप लवकर गेला, आजी त्याच्याही आधी, आणि आई पडली कोरपन्याकडची, तिला नवऱ्याचं मूळ गावही ठाऊक नव्हतं. बापाचा दगडही कुठे लागला नव्हता. माजरीच्या स्मशानात त्याला मातीआड केलं, एवढंच. दिनेशच्या गावचे म्हणाले, पोरीने आपले दगड दाखवावेत, आम्ही उद्या हळद लावतो.

म्हणून बिचारी सहा महिने सुटीच्या दिवशी बापाची माणसं शोधत फिरत होती. बापाचा दाखला निघाला, त्यावर शाळा कुकडटोला. दोघांना केवढा आनंद झाला! तुझा बाप माझ्या गावच्या शाळेत. तुझा आजा झिंगू, माझाही आजा झिंगू. याचं त्यांना नवल वाटलं नाही, कारण नावं परत येतात, दर गावात दोन झिंगू आणि चार पत्रू सापडतात. मग त्यांनी तहसिलीत जाऊन कोतवाल बुक काढलं. पूर्वी गावचा कोतवाल आठवड्याला ठाण्यात जाऊन कोण जन्मलं, कोण मेलं ते तोंडी सांगायचा आणि तिथला मुन्शी लिहून घ्यायचा, ती वही. चाळीस वर्षांची पानं रीनाने बोट ठेवून वाचली. कुकडटोल्यात एकही टेकाम जन्मला नव्हता आणि एकही मेला नव्हता.

मग तिने दिनेशच्या वडिलांना, म्हणजे पहिल्या पत्रूला विचारलं. तो म्हणाला, इथे टेकाम कधीच नव्हते, आजूबाजूच्या एखाद्या टोल्यावरचा, वाडीवरचा पोरगा असेल. रजिस्टर गुरुजींनी लिहिलंय, त्यांनाच विचारा.

"गुरुजी, माझा बाप कोणत्या टोल्यावरून येत होता?" रीना माझ्या समोर बसून विचारत होती. तिचे डोळे तेच. रागावलं तरी जागेवरून न हलणारे.

मी म्हटलं, बाई, चाळीस वर्षं झाली, आठवावं लागेल. शाळेची जुनी पेटी बघू, तेव्हा सांगतो. ती दोघं चहा पिऊन गेली. जाताना दोघं पाया पडली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माधवीला सगळं सांगितलं. ती चिडली, पण माझ्या चुकीवर नाही. म्हणाली, तोंड उघडू नका. सांगा कुठल्यातरी टोल्याचं नाव. कागदावर टेकाम आहे ना, राहू द्या टेकाम. चांगली कमावती पोरं आहेत, सुखाने नांदतील. त्यांचे देव मोजणारे आपण कोण? बरं, बाप चुलतभाऊ, म्हणजे नातं किती लांबचं! आपल्यात काय आतेमामेभावंडांची लग्नं झाली नाहीत? मी तिला म्हटलं, त्यांच्यात बापाकडचं नातं लांबचं होत नाही. तर म्हणाली, तेव्हा त्यांची रीत आठवली नाही आणि आता आठवते? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

खरं सांगतो, मी गप्प राहायचं ठरवूनच कुकडटोल्याला गेलो. माघ महिना होता. आता तिथवर डांबरी रस्ता आहे, नाल्यावर पूल आहे. शाळा नवी, पण जुनी पत्र्याची पेटी कोपऱ्यात होतीच. रीना, दिनेश, पहिला पत्रू आणि मी, असे चौघे पेटीभोवती बसलो. पत्रू आता अठ्ठेचाळीसचा, अर्धे केस पांढरे. तो माझ्याशी बोलला, पण माझ्या डोळ्यांत बघेना.

रजिस्टर निघालं. तेवीस नंबर, सत्तावीस नंबर. रीनाने बापाच्या नावावरून हात फिरवला. मी घसा साफ केला. नाल्यापलीकडच्या एका टोल्याचं नाव मी वाटेतच ठरवून ठेवलं होतं, तिथली माणसं केव्हाच गाव सोडून गेलेली, शहानिशा होणार नव्हती. ते नाव जिभेवर होतं. तेवढ्यात रीनाने पेटीच्या तळातून एक शिवलेली वही काढली. माझ्या आधीच्या मास्तराने एक्याऐंशीच्या जनगणनेला घरोघर फिरताना केलेली कच्ची यादी. मी नोकरीत असताना ती वही कधी उघडून बघितली नव्हती. काखेत कळसा म्हणतात तो हा.

तिने पानं उलटली. घर क्रमांक नऊ. झिंगू, वय तीस. त्याची बायको. मग मंगली, विधवा. आणि खाली लागोपाठ दोन ओळी: पत्रू, वय चार. पत्रू, वय चार. दुसऱ्या पत्रूसमोर त्या मास्तराने पेन्सिलीने लिहिलं होतं, मंगलीचा.

मंगली हे आपल्या आजीचं नाव, हे रीनाला ठाऊक होतं. तिने ते पान दोनदा वाचलं. दिनेशने तिच्या खांद्यावरून वाचलं. मग तिने मान वर करून मला विचारलं, "गुरुजी, हे दोगं एकाच घरचे होते का?"

जिभेवर जे नाव होतं ते तिथेच राहिलं. मला खोटं बोलता आलं नाही, हे मी चांगुलपणा म्हणून सांगत नाही. त्या पानासमोर खोटं चाललंच नसतं. मी सगळं सांगितलं. साहेबांचं लाल पेन, माझा राग, ते टेकाम कुठून आलं ते, आणि मंगली दाखला घ्यायला आली तो दिवसही सांगितला. सांगताना मला रडू आलं. पासष्ट वर्षांचा मास्तर आपल्याच शाळेत, पोरांच्या सतरंजीवर बसून रडत होता आणि कोणी गप्प राहा म्हणेना.

दिनेश उठून बाहेर गेला. पहिला पत्रू तसाच बसून होता. रजिस्टर माझ्याकडे सरकवत म्हणाला, "मले तवाच समजलं होतं, पोरीनं दाखला दाखवला तवा. माझ्या आंगणात खेळलेला भाऊ मी ओळखणार नाई का? पण पोराच्या तोंडाकडे पाहून बोलाची हिंमत नाई झाली. म्हणून तुमच्याकडे धाडलं. तुमी लिवलं, तुमीच वाचा."

यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

रीना रडली नाही. तिने पत्रूला विचारलं, आजोबांचा दगड कुठे आहे, बघायचाय. त्याने नेलं. गावामागे मोहाच्या झाडांखाली आत्रामांचे दगड एका ओळीत उभे आहेत. उंच, बुटके, काही कलंडलेले. पत्रू एकेकावर हात ठेवून सांगत गेला: हा बुढा पत्रू, ज्याचं नाव आम्हा दोघांना मिळालं. हा माझा बाप. हा तुझा आजा, पुरात गेला तो. त्याच्या शेजारी हातभर जागा मोकळी होती. पत्रू म्हणाला, ही तुझ्या बापाची. आम्ही सोडून ठेवली होती. कुठे गेला, जगतो का मेला, ठाऊक नव्हतं, पण आमच्यात जागा सोडून ठेवतात.

म्हणजे बघा. मी कागदावरून पुसला तरी त्या माणसांनी त्याला ओळीतून काढलं नव्हतं.

गावातल्या बाया जमल्या. लेक आली, आत्रामांची लेक आली म्हणून तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली, पाय धुतले, नवं लुगडं दिलं. सहा महिने ती ज्यासाठी फिरली ते सगळं तिला एका दुपारी मिळालं. गाव, आजा, काका, बापाची जागा. आणि ज्याच्यासाठी ती हे शोधत होती तो पोरगा लांब, बंद पडलेल्या हापशीच्या ओट्यावर पाठ करून बसला होता.

परत येताना एसटीत दिनेश माझ्या शेजारी बसला. म्हणाला, गुरुजी, चंद्रपुरात कोर्टात लग्न होते, तिथे कोणी दगड विचारत नाही. तुम्ही साक्षीला याल का? मी लगेच हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. मला वाटलं, देवानंच मला चूक निस्तरायची वाट दाखवली. देव मानत नाही मी, पण वाटलं तसं.

पुढच्या सीटवरून रीनाने सगळं ऐकलं होतं. मागे न वळता म्हणाली, "मले बापाचा दगड लावाचा हाये. त्याच्या ओळीत. एकदा तो लावला की तू माझा कोन लागतो, तूच सांग."

 

चैत्रात दगड लावायचं ठरलं. मला बोलावणं नव्हतं, तरी मी गेलो. माधवीही आली, गप्प राहा म्हणणारी तीच, पण आदल्या रात्री तिने रीनासाठी डब्यात करंज्या भरल्या. मला कोणी या म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. माजरीच्या मातीची एक पुरचुंडी रीनाने आणली होती, ती खड्ड्यात घातली. नाल्यातून आणलेला कमरेएवढा दगड शेजारी आडवा ठेवला होता. दगड मुलाने उचलायचा असतो. मुलगा नसला तर पुतण्याने.

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. कोणी पुढे होईना. शेवटी पहिल्या पत्रूने गर्दीकडे तोंड करून, आपल्या पोराकडे न बघता म्हटलं, "पत्रूले पोरगा नाई. पुतण्या हाये."

दिनेश पुढे आला. त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि एका बाजूने दगडाखाली हात घातला. दुसऱ्या बाजूला त्याचा बाप वाकला. दगड भारी होता, उभा करताना दिनेशकडे कलला आणि त्याची बोटं दगड नि मातीच्या मध्ये सापडतील असं वाटलं. रीना शेजारीच उभी होती. तिने दोन्ही हातांनी दगड धरला आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"दादा, बोटं सांभाळ."

दिनेशने एकदा तिच्याकडे बघितलं. मग मान हलवली आणि दगड सरळ केला.